लिहिता बोर्ड

अप्पांची डबी बंद पडली तेव्हा कंपनीच्या माणसाने फोनवर अतिशय सभ्यपणे सांगितलं, की हे मॉडेल आता दुरुस्तीला घेत नाहीत. नवी डबी पाठवतो, तिच्यात नवी चिप असेल, वर्षा-दोन वर्षांत ती अप्पांच्या सरावाची होईल. मी विचारलं, "आणि जुनी चिप?"

"ती उत्तम आहे मॅडम. गेलाय तो तिच्या भोवतीचा सगळा भाग."

म्हणून मी, सांगलीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडायला निघाले.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समज शाबूत राहिली. शब्द मनात तयार होत, पण तोंडापर्यंत येताना त्यांचा चुरा होई. डाव्या हाताने लिहायला घेतलं तरी तीच गत. अशा माणसांसाठी त्या सुमारास या डब्या निघाल्या. गळ्याला एक पातळ पट्टा बांधायचा. माणूस बोलू पाहतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याचे आणि जिभेखालचे स्नायू किंचित हलतात. पट्टा ती हालचाल टिपतो, डबी तिचा अर्थ लावते आणि मोठ्याने वाक्य बोलते. आवाजही अप्पांचाच होता. माझ्या धाकट्या भावाच्या, अभिनंदनच्या लग्नातल्या जुन्या चित्रणावरून तो बनवून घेतला होता.

अर्थ लावायचं काम चिपचं. तिला लोक मुरती चिप म्हणतात. नेहमीच्या चिपमध्ये माहिती आकड्यांत असते आणि आकड्यांची नक्कल हवी तितक्या वेळा काढता येते. मुरत्या चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म बिंदू असतात. प्रत्येक बिंदू विजेला कमी-जास्त अडवतो आणि वापर होईल तसतसा हा अडथळा बदलत जातो. शिकणं आणि लक्षात ठेवणं एकाच जागी होतं, म्हणून ती नखाएवढ्या जागेत, थोडक्या विजेवर चालते. पण कारखान्यातून निघताना कुठलेही दोन बिंदू सारखे नसतात, आणि चिप शिकते ती आपल्या या वाकडेपणासकट. एकीतले अडथळे मोजून दुसरीत भरले तर नुसती बडबड बाहेर पडते. एका पायाने झिजवलेली चप्पल दुसऱ्या पायात घातल्यासारखं होतं ते. थोडक्यात, तिची नक्कल निघत नाही. आणि वीज तोडून ठेवली तर काही आठवड्यांत तिच्यातलं शिकलेलं ढळू लागतं.

चिपचे थर दोन. पहिला गळ्याच्या हालचालीवरून कच्चा शब्द ओळखतो. दुसरा त्या शब्दाचं वाक्य करतो. 'पाणी' एवढंच कळलं तर माणसाला पाणी हवंय, पाणी नकोय की नळाला पाणी आलंय, हे दुसरा थर वेळ-प्रसंग पाहून ठरवतो, आणि ते तो बटणावरून शिकतो. डबी आधी वाक्य पडद्यावर दाखवते. माणूस 'हो' किंवा 'नाही' दाबतो. पुरेशी खात्री झाली की ती विचारायचं सोडते आणि थेट बोलते.

बटण आईच्या हातात असायचं. अप्पांचा डावा अंगठा तेव्हा थरथरायचा आणि आईला थांबणं जमत नसे. "अहो, पंखा कमी करायचाय ना? मग झालं," म्हणत ती दाबून मोकळी व्हायची. दोनेक वर्षांत बटणाची गरज संपली. अप्पा अडखळल्याशिवाय बोलू लागले. आवाज त्यांचा, वळण आईचं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं बोलणं एकमेकांत मिसळतंच, असं मी धरून चालले होते.

आई गेल्या माघात गेली. भर दुपारी, घरी, हृदय बंद पडून. मी कॉलेजात होते. भांडी घासायला आलेल्या बाईंनी पाहिलं आणि शेजाऱ्यांना बोलावलं. अप्पा तिच्याजवळ बसून होते. त्यानंतर तिच्याविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. काही लोक म्हणाले, धीराचा माणूस. काही म्हणाले, त्यांना नीट कळलेलंच नसेल. मी रोज कॉलेजातून आले की डबी म्हणायची, "उन्हातून आलीस, आधी गूळ-पाणी घे." डबी बंद पडली तेव्हा मला कळलं, की माघापासून मी घरी कुणाचं बोलणं ऐकायला येत होते.

*

घरात कॉम्प्युटर ठेवण्याची चाल आता राहिलेली नाही. भिंतीवर पडदा असतो आणि त्यामागचं सगळं काम दूर कुठेतरी होतं. सुटे भाग मिळण्याचं ठिकाण गावात एकच, मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, यासीन मुजावर यांचं. तरुणपणी ते खेळांच्या शौकिनांना मशीनं जोडून देत. आता कारखान्यांची जुनी यंत्रं चालती ठेवतात.

"जोडायला घेताय ते हौस म्हणून का गरज म्हणून, ताई?"

"गरज."

"मग बसा. हौशी गिऱ्हाईक लई डोकं खातंय."

मी चिप दाखवली आणि अप्पांचं सगळं सांगितलं. त्यांनी ती भिंगाखाली धरली, कडा तपासल्या आणि चहा सांगितला.

भाग निवडायला मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक भागामागे कारण होतं. पॉवर सप्लाय भारीतला हवा. विजेत बारीकसा चढउतार झाला तरी मुरत्या चिपचे बिंदू हलतात. गारवा हवा, उष्णतेने शिकलेलं ढळतं. पण पंखा नको, कारण पंख्याची थरथर गळ्याच्या पट्ट्यात मिसळते. म्हणून तांब्याच्या नळ्यांचा, बिनपंख्याचा उष्णताशोषक. मेमरी बेताची पुरे. कॅबिनेट यासीनभाईंनी सगळ्यांत कुरूप निवडलं, जाड पत्र्याचं.

"हे आमच्या दिवाणखान्यात?" मी म्हटलं.

"वर एक विणलेला रुमाल टाका. टीव्हीवर टाकायचे तसा."

शेवटी त्यांनी मदरबोर्ड काढले. मुरती चिप बसेल असे त्यांच्याकडे दोनच होते.

"हा वाचता बोर्ड. चिप जशी आहे तशी ठेवतो, हलू देत नाही. वरचेवर तिला जागच्या जागी बसवत राहतो. काका आज जसं बोलतात तसंच शेवटपर्यंत बोलतील. आणि हा लिहिता. ह्याला बटण लागतं. चिप पुढं शिकत राहते. पहिल्या थराला हा हात लावत नाही. दुसरा मात्र हळूहळू नव्यानं लिहिला जातो."

"आणि जुना?"

"पुसला जातो. एकदा गेला की गेला. नक्कल निघत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

मी वाचता बोर्ड उचलला. त्यांनी दोन्ही एकदा नीट बघून घ्या म्हटलं, तर मी म्हटलं, बघायचं काही नाही.

रात्रीच्या जेवणाआधी अभिनंदनचा फोन आला. तो पुण्यात असतो. आधी त्याने माझी यथेच्छ टर उडवली. "अक्का, तुला मिक्सरचं झाकण बसत नाही, आणि तू मदरबोर्ड बसवणार?"

"यासीनभाई बसवणार आहेत. मी वस्तादासारखी बाजूला उभी राहणार."

बोर्डांचं सांगितल्यावर त्याने थट्टा सोडली. मग म्हणाला, "वाचताच घे. मी रविवारी फोन करतो तो... म्हणजे अप्पांशी बोलायलाच करतो. पण ते 'अभ्या, केस वाढलेत' म्हणतात ना, ते ऐकायचं असतं मला."

"पडद्यावर केस दिसतात तरी का तुझे?"

"आहेत कुठे आता दिसायला? म्हणून तर."

आमच्या दोघांचं एकमत झालं. अप्पांना विचारायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. त्यांच्याकडे त्या वेळी बोलायला काही नव्हतं, हे एक कारण.

*

यासीनभाई शनिवारी दुपारी आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी जुनी चादर पसरली आणि भाग मांडले. अप्पा चाकाच्या खुर्चीत टेबलाला लागून बसले होते. आयुष्यभर ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. कुणी काही उघडून बसलं की त्यांना जवळून बघायचं असतं. यासीनभाईंनी स्क्रू त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले आणि लागेल तसा एकेक मागत राहिले. तळहातावरचे स्क्रू सांडू नयेत म्हणून अप्पा श्वाससुद्धा जपून घेत होते.

चिप बसली, पट्टा जोडला, पडदा उजळला तेव्हा उन्हं उतरली होती. यासीनभाईंनी तपासणीची खिडकी उघडली. जुन्या डबीत ही सोय नव्हती. पडद्याच्या डाव्या बाजूला पहिल्या थराने ओळखलेला कच्चा शब्द दिसत होता आणि उजव्या बाजूला दुसऱ्या थराने केलेलं वाक्य.

"काका, काहीतरी बोला."

अप्पांचा गळा हलला. डावीकडे उमटलं: चहा. उजवीकडे उमटलं आणि स्पीकरमधून अप्पांच्या आवाजात आलंही: "दिवस मावळला. आता काही नको."

यासीनभाई हसले. "काकांना पाहिजे चहा, आणि मशीन उपास करायला लावतंय."

मी हसले नाही. आम्ही जैन. आई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसे. अप्पा पूर्वी हे पाळत नसत. कारखान्यात रात्रपाळीला त्यांना चहा लागे आणि आई त्यावरून त्यांना टोचून बोले. आजारानंतर मात्र त्यांनी एकही दिवस मोडला नाही. कुणी संध्याकाळी कप पुढे केला की डबी नेमकं हेच म्हणायची. बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायका आईला सांगायच्या, आजारपणाने माणूस मार्गाला लागला. आईचा चेहरा उजळायचा.

"अप्पा, पुन्हा म्हणा."

डावीकडे: चहा. उजवीकडे: दिवस मावळला. आता काही नको.

आणि वाक्य संपता संपता अप्पांनी मान हलवली. नाही, नाही.

ही मान मी सहा वर्षं पाहत होते. डबी बोलली की पुष्कळदा ते अशी मान हलवायचे. सुरुवातीला डॉक्टरांनी बजावलं होतं, की या आजारात हो आणि नाहीची मान उलटसुलट होते, तिच्यावर विसंबू नका. आम्ही विसंबलो नाही. मान हलायची थांबली नाही, की आई म्हणायची, चिडचिड होते हो अशा दुखण्यात. तो सल्ला पहिल्या महिन्याचा होता. पुढे कधीतरी तपासून पाहावं, हे घरात कुणाच्याही मनात आलं नाही.

मी पट्टा काढला आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"अप्पा, तुमचं नाव भरतेश?"

हो.

"आपण सोलापूरला राहतो?"

नाही.

"अभिनंदन माझ्यापेक्षा मोठा?"

नाही.

"साखर समुद्राच्या पाण्यापासून करतात?"

त्यांनी यासीनभाईंकडे पाहिलं. मुलीच्या शिक्षणावर पैसे घालवले, असा काहीसा तो चेहरा होता. मग सावकाश, शिकवणीतल्या मठ्ठ पोराला सांगावं तशी मान हलवली. नाही.

एकही उत्तर चुकलं नाही. मी उठून चहा टाकला. तिघांनी घेतला. अप्पांनी बशीत ओतून, डोळे मिटून, पूर्ण. बाहेर दिवे लागले होते.

कपबशा विसळताना मी स्वतःशी हिशेब मांडत होते. गूळ-पाणी घे, हे कुणी म्हटलं होतं? केस वाढलेत, हे? मला आवडणारं जे जे त्या डबीतून आलं होतं, त्यातलं अप्पांचं किती? आणि त्यातलं आईचं जेवढं, तेवढं मला ठेवायचंच होतं. तिच्या हातची एवढीच गोष्ट अजून चालू होती. साड्या कपाटात होत्या, पण साड्या विचारत नाहीत की जेवलीस का.

वाचता बोर्ड बसलेलाच होता. मी काही बोलले नसते तर यासीनभाई झाकण लावून निघाले असते.

*

मी पट्टा पुन्हा त्यांच्या गळ्याला बांधला. सवयीने. मग म्हटलं, "अप्पा, आणखी एक बोर्ड मिळतो. तो घेतला तर बटण तुमच्या हातात राहील. वाक्य तुम्हाला पटलं तरच यंत्र बोलेल, आणि हळूहळू तुमच्यासारखं बोलायला शिकेल. वेळ लागेल. सुरुवातीला फार अडखळाल. आणि आत्ताचं बोलणं जाईल. ते... ते आईचं आहे, बरंचसं. ते पुसलं जाईल. परत आणता येणार नाही. घालायचा का तो?"

अप्पांचा गळा हलला. स्पीकर म्हणाला, "राहू दे गं. कशाला उगीच उठाठेव."

तसंच्या तसं. तो 'गं'सुद्धा तिचा.

आणि त्याच वेळी अप्पांची मान हलत होती. नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला एकच शब्द होता: घाल.

दोन उत्तरं एकदम आली होती आणि मला त्यांतलं एक ऐकायचं होतं. यासीनभाई खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी पट्टा काढून टेबलावर ठेवला. "घालायचा?"

हो.

"ती जाईल, अप्पा."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. हो.

यासीनभाईंनी सोमवारी बोर्ड बदलला. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, अभिनंदनने फोनवर अप्पांना तीनदा नमस्कार केला. त्याला त्याच्या केसांबद्दलचं वाक्य तीनदा मिळालं. मग त्याने मला बाजूला घेऊन, म्हणजे पडद्यावर घ्यावं तसं, म्हटलं, "अक्का, तू विचारलंसच कशाला?" मी म्हटलं, पुन्हा विचारू? तो म्हणाला, नको.

*

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. पूर्वी जे वाक्य चुटकीसरशी यायचं त्यासाठी अप्पांना पाच-सहा वेळा 'नाही' दाबावं लागे. अंगठा थकायचा. मी बटणाकडे हात नेला की ते हात झटकून टाकायचे. थांबायला मला तरी कुठे येत होतं? मी आईचीच मुलगी. शेवटी मी हातात पालेभाजी घेऊन बसू लागले, म्हणजे बोटं गुंतलेली राहायची.

त्यांचं स्वतःचं बोलणं तुटक निघालं, आणि काहीसं फटकळ. "डाळ पचपचीत." "अभ्या जाड झालाय." "ती बातमी लाव. ती नव्हे." कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी भेटायला आले, तर एकाला त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "तू अजून थापा मारतोस." तो माणूस इतका खूश झाला, की पुन्हा दुसऱ्या दिवशी आला.

दुसऱ्या बाजूने आईची वाक्यं जात होती. एखादं वाक्य यायचं, अप्पा 'नाही' दाबायचे; पुढच्या वेळी ते यादीत खाली जायचं, मग आणखी खाली. उठाठेव गेलं. दिवस मावळला हे सगळ्यांत चिवट निघालं. गूळ-पाणी घे, हे कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत आलेलं नाही. मी तक्रार केली नाही. कॉलेजातून आले की मीच आपण होऊन माठातलं पाणी घ्यायचे, गुळाचा खडा घ्यायचे, आणि अप्पा विचारायचे, "आज किती पोरं आली?" हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आषाढातल्या एका रविवारी दुपारी ते बटण हातात घेऊन बसले होते. मी शेजारच्या खुर्चीत गवार मोडत होते. त्यांचा गळा हलला. पडद्यावर आलं: फोन लाव. नाही. फोन वाजतोय. नाही. फोन केला होता. हो.

"फोन केला होता," यंत्र म्हणालं.

"कुणाला, अप्पा?"

त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"कधी?"

गळा हलला. पडद्यावर: ती अजून भांडी घासायला आली नाही. नाही. तिला चार दिवस सुट्टी हवी आहे. नाही. तिचा पगार द्यायचा राहिला. नाही. या यंत्रात 'ती' म्हणजे फक्त कामाच्या बाई होत्या. दुसऱ्या कुठल्याही 'ती'विषयी एकही वाक्य नव्हतं, कारण बटण जिच्या हातात होतं ती स्वतःला कधी 'ती' म्हणाली नव्हती. माघापासून अप्पांजवळ तिच्यासाठी शब्दच नव्हता. ते एकेक 'नाही' दाबत राहिले. मी गवार खाली ठेवली.

ती पडली तेव्हा.

हो.

फोन आला होता. त्या दिवशी, दोन तासांमधल्या सुट्टीत. अप्पा डबीवरून मला अधूनमधून फोन करत, दुपारी, जेवणाच्या वेळेला. त्या दिवशीही डबी नेहमीसारखं, शांतपणे म्हणाली होती, "आम्ही बरे आहोत. तू जेवून घे." मी बरं म्हटलं होतं आणि डबा उघडला होता. लगेच पुन्हा फोन आला होता, आणि डबी पुन्हा तेच म्हणाली होती. अप्पा विसरले असतील, असं वाटून मी हसले होते.

"अप्पा, डबी म्हणाली, आम्ही बरे आहोत."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग तुम्ही काय म्हणत होता?"

त्यांच्या गळ्याची हालचाल अगदी लहान होती. पडद्यावर आलं: येताना भाजी आण. नाही. ये, जेवायला बस. नाही. अंगठा आता थरथरत नव्हता. येतेस का गं जरा. त्यावर ते क्षणभर थांबले, आणि मग 'नाही' दाबलं.

ये.

हो.

"ये," यंत्र म्हणालं, अप्पांच्या आवाजात.

माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती. मी ती आणखी जवळ ओढली.